मायच्या पाळण्याची चाल लिहिताना

मायचा आवाज जात होता. घशात गाठ होती. अकोल्याच्या दवाखान्यातून तिला किन्हीराजाकडच्या आमच्या गावी, माझ्या घरी आणलं, तेव्हा ती बोलायची, पण बोलता बोलता आवाज विझायचा. धाकटी बहीणही बाळंतपणासाठी माझ्याकडेच आली होती.

आमच्या वस्तीतल्या प्रत्येक लेकराचं नाव मायच्या पाळण्यावर ठेवलेलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिने पाळण्यातले जुने देव काढून नवे शब्द घातले. चाल मात्र तिच्या आजीची तीच ठेवली. ती दुसऱ्या कुणाला पूर्ण येत नव्हती. तिसऱ्या ओळीत सूर असा काही वळून खाली यायचा, की बाकीच्या बायका गप्प होऊन मायलाच म्हणू द्यायच्या.

"ताई, तू लिहून ठेव नं," बहीण म्हणाली. "तुले लिहिता येते. माह्या लेकराले काय बिनपाळण्याचं नाव ठेवू?"

शब्द मी केव्हाच लिहिले होते. चाल कशी लिहायची? आणि तोंडाने शिकायची म्हटली, तर चारचौघींत माझा आवाजच फुटत नसे.

विहारातल्या गायन मंडळाची पेटी आमच्याच घरी असे, कारण माझे मालक ती वाजवत. पोरांना शिकवायला त्यांनी पांढऱ्या पट्ट्यांवर सा, रे, ग, म अशा चिठ्ठ्या खळीने चिकटवल्या होत्या. भाकरी थापता थापता ऐकून तेवढं मला कळत होतं. मायने ओळ म्हणावी, मी एका बोटाने पट्टी शोधावी आणि शब्दाखाली ते अक्षर लिहावं, असं सुरू केलं. काळ्या पट्टीला चिठ्ठी नव्हती, म्हणून शेजारच्या पांढरीचं अक्षर लिहून वर ठिपका द्यायची. सूर लांबला की आडवी रेघ. पाळण्याच्या दोरीला ओढ बसते तिथे उभी काडी.

दुसऱ्या दिवशी मायने तीच ओळ म्हटली आणि एकही अक्षर जुळेना. वाटलं, माझ्याच कानाची चूक. सगळं खोडून पुन्हा लिहिलं. पुढच्या खेपेला अक्षरं आणखीच वेगळी. मायचा घसा सोलून निघत होता, तरी मी म्हणत होते, "माय, आखरी एकदा." ती म्हणायची, आणि मग तिला घोटभर पाणी गिळता येत नसे. चुलीपुढे बसून मी रडले. तिचा उरलासुरला आवाज मीच संपवत होते आणि कागदावर काहीच उरत नव्हतं.

मालकांनी कागद पाहिला. "अवं, तिचा आवाज बसून राह्यला. रोज थोडी खालून म्हणते. चाल तीच हाय."

"मंग अक्षरं काहून बदलतात?"

"सा काय तिथं खिळ्यानं ठोकला? माय जिथं येऊन टेकते, तो तिचा सा. तिथून मोज."

"मंग चिठ्ठ्या काढून दुसरीकडं लावू?"

"लाव. मंडळ मले काढून दुसरा लावते."

मग मी जुन्या कॅलेंडरची लांब फीत कापली, तिच्यावर अक्षरं लिहिली आणि पट्ट्यांच्या मागच्या कडेला ठेवली. माय टेकेल तिथे सा सरकवायचा. वाजवून दाखवलं, तर मायने कपाळावर हात मारला.

"कोणाच्या मयतीचं वाजवून राह्यली वं?"

तिच्या तोंडून निघालेलं ते शेवटचं धड वाक्य.

फीत आखताना मी फक्त पांढऱ्या पट्ट्या मोजल्या होत्या. कुठे दोन पांढऱ्यांमध्ये काळी असते, कुठे नसते. त्यामुळे सा सरकला की पुढचं सगळं बिघडायचं. दुसरी फीत आखताना काळी-पांढरी असा भेदच केला नाही; प्रत्येक पट्टीला एक घर दिलं. आता पहिल्या दोन ओळी नीट वाजल्या. मायने मान हलवली.

राहिली तिसरी. तिथला सूर दोन पट्ट्यांच्या मधून कुठूनतरी घसरत यायचा, आणि मध्ये तर पेटीला पट्टीच नाही. मी खाली वळणारी वाकडी रेघ काढली. पण किती वळायचं, कुठे थांबायचं, ते रेघेत कसं दाखवू? माय म्हणून दाखवायला गेली. नुसता वारा बाहेर आला.

बहिणीला मुलगी झाली. नाव ठेवायच्या दिवशी मालकांनी माझा कागद पुढे घेऊन पेटी वाजवली. बायकांनी दोन ओळी धरल्या. तिसरीला पेटी पायऱ्या उतरल्यासारखी खटखट खाली आली आणि सगळ्या थांबल्या.

"तो वळसा काही येत नाही बाप्पा," एकजण म्हणाली.

माय खाटेवरून माझ्याकडे बघत होती. पदर तोंडावर धरून मी ती ओळ म्हटली.

मायने हात उचलला आणि हवेतच पाळण्याची दोरी ओढली. वाटलं, पुन्हा म्हण म्हणते. मी पुन्हा म्हटली. तिने पुन्हा दोरी ओढली. चुकलं म्हणून पुन्हा म्हणायला लावत होती, की बरोबर आलं म्हणून नातीला झोका देत होती? मी खाटेजवळ जाऊन विचारलं, "माय, असंच का?" तिने डोळे मिटून घेतले. हात तेवढा हलत राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

आता वस्तीतल्या बायका मी म्हटली तशीच ती ओळ म्हणतात. मायची चाल म्हणून म्हणतात. त्यांना काय सांगू? कागदावर त्या जागी वाकडी रेघ आहे. तिच्याकडे बघत मायचा आवाज आठवायला जाते, तर मला माझाच ऐकू येतो.