मांडीखाली दाबलेले हात

घरोघरी नळ आले तशी चिंचेखालची हापशी मागे पडली आणि एक दिवस बंदच झाली. सरपंच भारत प्रयागबाईंच्या दारात येऊन म्हणाला, "काकी, उद्या ती म्हातारी उपटून टाकतो."

"म्हातारी कोणाले मनून राह्यला रे? तिले का मले?"

भारत हसला. "चालत असती तर राहू दिली असती."

"चालली तर ठेवशीन?"

"ठेवतो ना, काकी."

प्रयागबाईंनी फडताळातून हापशीचे बोल्ट खोलायचा पान्हा काढला. तो हेल्गाबाईचा. बोथजवळच्या या गावात पस्तीस वर्षांपूर्वी ती पाण्याच्या कामासाठी डेन्मार्कहून येऊन दोन वर्षं राहिली होती. भाकरी थापायला शिकली, पण तिची भाकरी शेवटपर्यंत काही गोल झाली नाही. बायकांना तिने हापशीची दुरुस्ती शिकवली. तिच्या जाण्याच्या आठवड्यातच हापशी बिघडली. सगळ्या तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. ती ओट्यावर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले.

"काऊन बसली वं? ऊठ ना!" प्रयागबाई खेकसल्या होत्या.

"मी जाते. मग कोण?" ती म्हणाली.

रागारागात प्रयागबाईंनीच पान्हा उचलला. बायकांनी पाइप वर ओढले, चामड्याचं वायसर बदललं. पाणी आलं तेव्हा दुपार कलली होती. हेल्गाबाईच्या हातांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की ओंजळ धरवेना. प्रयागबाईंनी तिला तांब्याने पाणी पाजलं.

पुढे तिची चार पत्रं आली. मग तीही थांबली.

भारत येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रयागबाई सुनेला, रुपाला, घेऊन हापशीवर गेल्या. शेजारच्या चौघी आल्या. वयामुळे पान्हा त्यांच्या हातून बोल्टवर नीट बसेना. त्यांनी तो रुपापुढे धरला.

"मी? आत्याबाई, मी दुरुस्तीच्या टायमाले नुसते पाइप धरले हायेत!"

"धरले ना? मंग पाह्यलंही असंन."

रुपाने बोल्ट उलटा फिरवला. प्रयागबाईंचा हात आपोआप पुढे गेला. मग त्या ओट्यावर बसल्या आणि हात मांडीखाली घातले.

"काऊन बसल्या जी? सांगा ना!"

प्रयागबाईंना बोलणं फार जड गेलं नसतं, गप्प राहणंच जड गेलं. रुपा दोनदा चुकली, एकदा रडकुंडीला आली, पण वायसर बसलं. दांडा हलवता हलवता आधी नुसती हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं.

भारत मिस्त्रीला घेऊन आला तो पाहतच राहिला. "काकी, पयली बादली माही."

"रांगेत उभा राय," प्रयागबाई म्हणाल्या. हात मात्र त्यांनी अजून काढले नव्हते.