आखाजीला निघायचं

माणसाला काळजी लागली की झोप उडते म्हणतात. रावजीचं उलटंच झालं होतं. कामावरून आला की चार घास खायचा आणि जो आडवा व्हायचा तो सकाळी सुवर्णाने दोनदा हाका मारल्याशिवाय उठायचा नाही. आणि एवढं झोपूनही अंग असं जड, की रात्रभर कुणी त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेतलाय. खरा ओव्हरटाइम बंद होऊन तर वर्ष होत आलं होतं.

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात रावजी डाय-सेटर होता, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर साचे बसवायचा. गाड्यांचे सुटे भाग तिथे व्हायचे. मंदी आली तशा तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. कँटीनच्या चहातलं दूध आधी पातळ झालं, मग चहाच बंद झाला. शेवटी मालकांनी यंत्रं उचलून गुजरातेत न्यायचं ठरवलं आणि साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं.

"तिकडे यायचं असेल तर काम पक्कं आहे," साहेब म्हणाले. "नसेल यायचं, तर हिशेब घ्या आणि मोकळे व्हा."

रावजी पन्नाशीला टेकलेला. या वयात अंबड-सातपूरला नवं काम मिळायची आशा नव्हती. शेजारच्या कंपन्या होत्या त्याच माणसांना घरी पाठवत होत्या. तरी हो म्हणायला त्याची जीभ उचलेना. "घरी म्हातारी आई आहे साहेब," तो म्हणाला. "तिला विचारून सांगतो."

"विचारा की. पण अक्षय्य तृतीया झाली की सोमवारी मला उत्तर पाहिजे."

त्याला तीन आठवडे होऊन गेले, आणि आईला त्याने अजून काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच काय, ती नाहीच म्हणणार, असं तो स्वतःला सांगायचा. खरं सांगायचं तर तिने नाही म्हणावं हीच त्याची इच्छा होती. म्हणजे उद्या हातातलं काम गेलं तरी आईसाठी गेलं असं चारचौघांत सांगता आलं असतं, आणि कुणी नावं ठेवली नसती. पण समजा, ती हो म्हणाली तर? हा विचार डोक्यात आला की रावजीला लगेच झोप यायची.

ती नाही म्हणेल असं वाटायला कारणही तसंच होतं. त्याचा बाप बहिरू सटाण्याकडचा सालदार. सालदार म्हणजे शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि त्याच दिवशी नवं लागतं. पटलं तर तोच मालक, नाही तर दुसरा मालक, दुसरं गाव, दुसऱ्या मळ्यातली दुसरी खोपी. बहिरू कामाला वाघ होता, पण जिभेला हाड नव्हतं, त्यामुळे त्याचं एका मालकाशी दुसरं साल निघणं मुश्किल. गावोगावच्या लेकी आखाजीला माहेरी येऊन झोके घ्यायच्या, आणि कुसाबाई, रावजीची आई, त्याच दिवशी बोचकं बांधायची.

त्यात तिचा एक नेम. आखाजीला पितरांच्या नावाने नवी घागर भरतात, वर लहानसं मडकं, त्यावर खरबूज आणि सांजोऱ्या. ती भरली घागर त्या दिवशी रिकामी करायची नाही, असं कुसाबाईच्या आईने तिला सांगितलेलं. मग काय, संसार बैलगाडीत आणि घागर हिच्या डोक्यावर. उन्हाचं चालताना पाणी हिंदकळायचं, पाठीवर ओघळायचं, आणि मागून लहानगा रावजी ती ओली पाठ बघत चालायचा. बहिरूच्या पितरांना दर साली नवा पत्ता शोधत यावं लागायचं, बिचाऱ्यांना.

बहिरू गेला, रावजी नाशिकला लागला, आणि पुढे सिडकोत त्याने दोन खोल्यांचं घर घेतलं. त्या दिवशी तो आईला घरच्या बोलीत म्हणाला होता, "माय, आते बोचकं बांधानं नही." तेव्हापासून स्वयंपाकघरात खिडकीखालच्या कोपऱ्यात घागरीची जागा ठरून गेली. फरशीवर तिच्या बुडाचा गोल डाग पडला. सुवर्णाने एकदा तो घासून काढायला घेतला तर म्हातारी दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

सुवर्णा मखमलाबादच्या भाजीच्या मळ्यातली, फटकळ. घरी ब्लाऊज शिवायची. "विचारलं का आईंना?" ती रोज विचारायची.

"विचारतो."

"कधी, टेम्पो भरल्यावर?"

रावजी कूस बदलायचा. तिला स्वतःला काय वाटतं हे त्याने विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायला ती काही रिकामी नव्हती.

असं करता करता आखाजी आली. रविवार होता. सकाळी कुसाबाईने घागर भरली, बहिरूच्या नावाने विस्तवावर घास टाकला, पुरणपोळी-आमरसाची जेवणं झाली. जेवताना विचारू असं रावजीने ठरवलं होतं. मग म्हणाला, जेवण झाल्यावर. मग जेवण झालं आणि तो झोपला.

ऊन कलल्यावर तो डोळे चोळत बाहेर आला आणि दारातच थबकला. कुसाबाई उंबऱ्याशी बसली होती, जुन्या लुगड्याचं बोचकं बांधून. शेजारी भरलेली घागर. मांडीवर घागरीखाली डोक्यावर घ्यायची चिंधीची चुंबळ.

"कव्हय निघनं शे?" कधी निघायचं, एवढंच तिने विचारलं.

रावजीने बोचक्याकडे बोट केलं. "कोठे निघनं शे? तुले कोनी सांगं?"

"तू झोपमा बोलस, भाऊ. गुजरात, गुजरात."

"मंग माले इचारानं ना! बोचकं कसाले बांधं?" त्याचा आवाज चढला. स्वतःचा राग माणूस असाच दुसऱ्यावर काढतो.

"इचारानं काय त्यामा?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "आखाजी शे. तुना बाप बी सांगे नही. दारशी गाडी उनी का समजानं."

दाराशी गाडी आली की निघायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. रावजी तिच्यासमोर खालीच बसला. पंचाहत्तरीची बाई, गुडघे धड वाकत नाहीत, आणि मुलाच्या झोपेतल्या बडबडीवर परराज्यात निघायला तयार होऊन बसलेली. बोचक्याची गाठ मात्र अशी घट्ट आणि नेटकी, की हात अजून काही विसरले नव्हते. बापाचा त्याला आयुष्यभर राग होता. आणि आपण तीन आठवडे दुसरं काय केलं, हे त्याला आत्ता, या गाठीकडे बघताना कळलं.

"माय," तो म्हणाला, "तुले येवानं शे का?"

कुसाबाईचा हात गाठीवरच राहिला.

"हाई माले आजलोंग कोनीच इचारं नही," ती म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली, तक्रारीचा सूर नव्हता. "इचारं तं सांगस. माले नही येवानं. मी दमनू, भाऊ."

हेच तर उत्तर त्याला हवं होतं. आयतं हातात आलं होतं. पण रावजीला मोकळं वाटलं नाही.

"पन तुना सायबले मनं नाव सांगू नको," कुसाबाई पुढे म्हणाली. "तुना बाप लोकेस्ले काय सांगे, ठाऊक शे? बाईले करमत नही म्हनीसन गाव सोडस." ती जराशी हसली. "माले करमे, भाऊ. आख्खा गावस्मा करमे."

रावजी हे पहिल्यांदा ऐकत होता. मालकाशी भांडायचा बहिरू, आणि गाव सोडताना दोष द्यायचा बायकोला. ती घागर डोक्यावर घेऊन मुकाट चालायची. जिथे जाईल तिथे तिला करमत होतं, आणि तिथूनच तिला उठवलं जात होतं. रावजीला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

आतलं शिलाईचं मशीन कधीचं थांबलं होतं. सुवर्णा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"तुलापण विचारलं नाही मी," तो म्हणाला.

"नायच विचारलं." तिने नाकाने श्वास सोडला. "मी मशीन घेऊन कुठं बी राहीन. हितं राहिले तर दोन ब्लाऊज जास्त शिवीन. पण तुमच्या तोंडाकडं बघून बघून लय थकले मी. जायचं तर जाऊ म्हणा, नाय तर नाय म्हणा. आमच्या गळ्यात नका घालू."

बोलून ती चहा टाकायला गेली. बोचकं त्या दिवशी कुणी सोडलं नाही, ते दाराशीच राहिलं. आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा, त्या रात्री रावजीचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी साहेबांनी खुर्चीवरून मान वर केली. "काय म्हणाल्या आई?"

"आईला विचारलं, साहेब. बायकोलापण विचारलं." मोठी मशीनं आधीच गेली होती, शेडमधून फक्त कबुतरांचा आवाज येत होता. "पण नाही मी म्हणतोय. मला नाही जमायचं आता."

"अहो, इथे काय करणार तुम्ही? बाहेर काय परिस्थिती आहे बघताय ना?"

"बघतोय. काय करणार ते ठाऊक नाही अजून."

साहेबांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. रावजी डबा घेऊन बाहेर आला. भरदुपारी गेटमधून बाहेर पडायची त्याला सवय नव्हती. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. घरी येईपर्यंत स्कूटर त्याने इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न मारून वैतागले.

कुसाबाई बोचक्याशेजारीच बसली होती. त्याच्या तोंडावरून तिला कळलं असावं, तरी साहेबाला कुणाचं नाव सांगितलं, हे तिने विचारलंच. "कोनं नाव सांगं?"

"मनं," रावजी म्हणाला.

तिने मान डोलावली, बोचकं जवळ ओढलं आणि गाठ सोडायला घेतली. जुनं लुगडं, कालची घट्ट गाठ, बोटांत जोर नाही, सुटेना. मग रावजी डबा बाजूला ठेवून तिच्यापुढे बसला आणि दोघं मिळून ती सोडवू लागले.