कललेल्या झाडाचं लाकूड

माझे बाबा सुतार. काल वखारीत सागाच्या ओंडक्याच्या कापावर त्यांनी ओला हात फिरवला, तशी वर्तुळं उठून दिसली. गाभा मधोमध नव्हता, एका अंगाला सरकला होता.

"उतारावरचं झाड आहे. कलंडायला आलेलं, पण वरच्या अंगाला लाकूड वाढवून यानं स्वतःला ओढून धरलंय. फळ्या वाकतील याच्या."

मी कॉलेजात हेच शिकवते. संप्रेरकं शेंड्याकडून सालीखालून उतरतात. झाड कललं की त्यांची वाटणी बदलते आणि लाकूड कुठे जास्त घालायचं ते ठरतं. बाबांनी यातलं एक अक्षर वाचलेलं नाही.

मी ओंडक्याकडे पाहिलं, मग रंधा मारून मारून डाव्याहून जाड झालेल्या त्यांच्या उजव्या खांद्याकडे. आमचं घर सरळ उभं आहे, ते उगाच नाही.