डाळमिलच्या गेटातून पुन्हा आत

अकोल्याच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या लॅबमध्ये मी कामाला होते. पोट दिसायला लागलं तसं मॅनेजरनं बोलावून सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. आता लेकरू सांभाळा." हातात कागद काही नाही. माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवला.

भातकुलीहून भाऊ मोटारसायकलवर थेट घरी. "चाल, त्याले गेटावरच इचारतो, काहून काढलं म्हणून!" मलाही तेच हवं होतं. पण नवरा आम्हाला एका वकीलबाईंकडे घेऊन गेला. त्या भावाला म्हणाल्या, "गेटावर गेलात तर केस तुमच्यावरच होईल. आधी हिनं कामावर घ्या म्हणून लेखी मागायचं, रजिस्टर पोस्टानं. मग कामगार कार्यालय. कोर्ट त्यानंतर. मधलं काही सोडायचं नाही."

पत्राला उत्तर आलं नाही. कामगार कार्यालयात पहिल्या तारखेला मॅनेजर फिरकलाच नाही. दुसऱ्या वेळी आला आणि म्हणाला, "बाईनं स्वतःच काम सोडलं." मी तिथेच रडले, रागानं. तडजोड फिसकटली आणि प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. तोवर मुलगी झाली, रांगायला लागली. तारीख असली की तिला सासूबाईंकडे ठेवून मी निघायची.

माझ्या साक्षीत मिलच्या वकिलानं आवाज चढवला, "काढलं होतं तर काम परत का मागितलं नाही?"

"मागितलं ना साहेब. आधी पत्रानं. मग कामगार कार्यालयात, तुमच्या मॅनेजरसमोर. आजही तेच मागते."

तो खाली बसला. मग मॅनेजर साक्षीला उभा राहिला. आमच्या वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "बाई स्वतःहून गेल्या, तर परत या म्हणून एक तरी नोटीस पाठवली?"

"तोंडी सांगितलं होतं."

"कोणी? कधी?"

तो रुमालानं मान पुसत राहिला.

निकाल माझ्या बाजूनं लागला. गरोदर म्हणून काढणं बेकायदा, कामावर परत घ्या, नोकरी अखंड धरा. कोर्टाच्या पायऱ्यांवर भावानं मला चक्क उचललं. "जितली व माही बहीण!" लोक वळून बघत होते, बघू दे म्हटलं.

हजर झाले त्या सकाळी डाळ निवडणाऱ्या बाया हात थांबवून उभ्या राहिल्या. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्याच वाजवायला लागल्या. पुढे त्यांच्यातल्याच एकीनं बाळंतपणाची रजा मागितली. मॅनेजरनं एवढंच विचारलं, "परत कधी येता?"