कात्रीबाईंचे धडे

कात्रीबाई बोलता बोलता हवाही कापायच्या. उजव्या हातातली कात्री कचकच चालू, पाय खोलीभर फिरते, आणि आपण बोलताना जरा अडखळलो की, "हं, पुढं सांग, पुढं!" घाटंजीत त्यांच्या शिवणवर्गातून शिकून गेलेल्या बायांनी अर्ध्या तालुक्याचे ब्लाउज शिवले असतील. बाईंचं खरं नाव कुणी घेतच नसे. त्यांनाही हेच आवडायचं.

मी यवतमाळला ऑनलाइन कोर्स बनवायचं काम करायचे. एका दुपारी बाई थेट ऑफिसात आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. कात्री टेबलावर ठेवून त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

"डॉक्टर म्हनते, हे वाढतच जाईन. हात चालून राह्यला तोवर माह्यं सारं शिकवणं फोनात टाकून दे. मंग गेला हात तरी चालते."

वाईट वाटून घ्यायला त्यांनी उसंत दिली तर ना! लगेच कॅमेरा कुठे लावायचा ते बघत फिरायला लागल्या. कात्री हातात आली की थरथर थांबायची. ती सतत का चालू असते, ते मला त्या दिवशी कळलं.

भांडण झालं ते धडे कसे मांडायचे यावरून. मी म्हणत होते, एकाखाली एक उभी यादी लावू, बोटाने खाली सरकवत जायचं. बाई ऐकेनात. त्यांच्या वर्गात एक लांबच लांब टेबल होतं. एका टोकाला कापड, मग टेप, खडू, कात्री, शेवटी मशीन. बाया टेबलाच्या कडेने पुढे पुढे जात शिकायच्या.

"वरती धड्यांची आडवी पट्टी लाव. अवं, एकाखाली एक एवढे धडे दिसले तं बाया भिऊन जातीन. म्हनतीन, आपल्याच्यानं नाही होत."

"बाई, फोन म्हणजे टेबल नाही."

"मंग बनव ना टेबल! तुले पगार कायचा भेटते?"

म्हटलं, घ्या! दिली लावून आडवी पट्टी.

व्हिडिओ काढून झाले आणि वर्गातल्या बायांना कोर्स पाठवला. आठवड्याभराने मी घाटंजीला बाईंच्या वर्गात गेले, तर सुनंदा नावाची बाई तोंड एवढंसं करून उभी. बहिणीच्या साखरपुड्यासाठी तिने हौसेने ब्लाउज शिवला होता, तो दंडात शिरेना की पाठीत पुरेना. बाकीच्यांचेही तसेच. फोन हातात घेऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. पडद्यावर पट्टीतले तीनच धडे मावत होते: साहित्य, माप, आखणी. उरलेले उजवीकडे दडलेले. मशीन चालवता येतच होतं, त्यामुळे आखणी झाल्यावर बायांनी सरळ खडूच्या रेघेवरून कापलं आणि शिवून टाकलं. शिवणीसाठी रेघेबाहेर जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपीकामात माया म्हणतात. तो धडा चौथा होता. कुणी उघडलाच नव्हता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तू काही बोलू नको. दिसून राह्यलं मले."

त्यांनी सुनंदाचा ब्लाउज उसवला आणि बाजूंना जोडायला पट्ट्या कापल्या. कात्री नीट चालली, पण सुईत दोरा जाईना. तीनदा-चारदा प्रयत्न केला. मग सुई माझ्याकडे सरकवली. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदाच मदत घेतली आणि मला उगाच राग आला, कुणाचा ते कळेना.

"हात जाऊन राह्यला, अन् म्या धडाच लपवून ठेवला," त्या म्हणाल्या. "लाव तुह्यी उभी यादी. पण एक धडा उघडला की बाकीचे मिटलेले दिसू दे. खाली अजून आहे, एवढं कळलं म्हंजे झालं."

तसंच केलं. नव्या ब्लाउजांना माया सुटली, ते अंगात बसले, आणि कोर्स मारेगाव-बाभुळगावपर्यंत पोचला. आजही कुठलाही कोर्स बांधताना मी आधी बघते, पुढचा धडा आहे हे बघणाऱ्याला दिसतंय की नाही.

आमची शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. कात्री भिंतीवर खिळ्याला टांगलेली. दोन्ही हात मांडीवर, दोन्ही थरथरणारे.

"दाखव ना आपला कोर्स," म्हणाल्या.

मी फोन समोर धरला. व्हिडिओत नुसते त्यांचे हात होते.

"पाह्य, कशी सरळ चालून राह्यली कात्री!" दुसऱ्याच कुणाचं कौतुक करावं तसं त्या म्हणाल्या.

कधी खुर्चीला न टेकणाऱ्या बाई हलल्याही नाहीत. मलाच बसवत नव्हतं. धडा संपला की त्या म्हणायच्या, "सरकव खाली." मी सरकवत होते. माया झाली, बाही झाली, काज-बटण झालं.

"खाली अजून आहे ना?"

खाली काहीच नव्हतं.

"आहे बाई, खूप आहे," मी म्हटलं, आणि फोन जरा माझ्याकडे वळवून पहिला धडा पुन्हा लावला. पडद्यावर त्यांच्या हाताने कात्री उचलली.