परत मागितलेलं वाण

तात्यांचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या आमच्या ठिबकच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला फिल्टरची जाळी दाखवत होते. “शालन गेली,” एवढंच ते म्हणाले. गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं, शटर ओढलं आणि भिगवणकडे त्यांच्या गावी निघाले. रडू आलं नाही. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली तेव्हा मात्र वाटलं, वन्सं शेजारी असत्या तर म्हणाल्या असत्या, “घाला की गाडी पुढं वैनी, वरातीत हाय का आपण?”

शालनवन्सं माझी थोरली नणंद, तात्या त्यांचे यजमान. मी दुकान टाकणार म्हटल्यावर सासरी सगळ्यांनी नाकं मुरडली होती, तेव्हा माहेरपणाला आलेल्या वन्संच बोलल्या. “टाकू द्या की. घरात बसून आमचं डोकं खाण्यापरास गिऱ्हाइकाचं खाईल.” माझी बाजू त्यांनी आयुष्यभर अशीच घेतली, आधी एक टोला हाणून.

त्यांची डाळिंबाची बाग शेततळ्यावर होती. तळ्यात कटला आणि रोहू मासे सोडलेले. पाणी कायम हिरवं, त्या शेवाळाने ठिबकचा फिल्टर तुंबायचा आणि दर दोन दिवसांनी वन्संचा मला फोन. “तुमच्या दुकानातला फिल्टर हाय का चहाची गाळणी?” एकदा लेकीकडे पुण्याला गेल्या असताना त्यांनी शोभेच्या माशांच्या दुकानात काचेच्या टाकीत पिवळट, नखाएवढे शिंपले पाहिले. ते बाहेरदेशचे आहेत आणि पाणी गाळून नितळ करतात, असं दुकानदाराने सांगितलं. वन्संनी त्यातले मूठभर लाडवाच्या डब्यात घालून आणले आणि तळ्यात सोडले.

वर्ष-दीड वर्षात तळ्याचं रूपच पालटलं. तळाच्या प्लास्टिक कागदाच्या सुरकुत्या काठावरून दिसू लागल्या. मीही तोंडभर कौतुक केलं. खंड्या पक्ष्यांची चैन झाली, वरूनच मासा दिसायचा. वन्सं तर इतक्या खूश, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वस्तीवरच्या बायकांना वाण म्हणून शिंपलेच लुटले. एकेका वाटीत पाणी, त्यात चार-चार शिंपले. “प्लास्टिकच्या डब्या वाटण्यापरास हे बरं,” असं वर आम्हाला ऐकवलं.

होळीच्या सुमारास तात्यांनी तळ्यात जाळं टाकलं. कटले निघाले ते डोक्याने मोठे आणि अंगाने चिपाड. त्याच आठवड्यात फिल्टर पुन्हा तुंबला. मी स्वतः जाऊन उघडला, तर आतून वाळूसारखी बारीक शिंपल्यांची पिल्लं ओघळली. दुकानात मत्स्यशेती शिकवणाऱ्या एक बाई येत, त्यांना विचारलं. त्यांनी नीट समजावलं. पाण्यातला तो हिरवेपणा म्हणजे घाण नव्हे, ते अन्न आहे. त्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे जगतात आणि दोन्हींवर कटला जगतो. शिंपल्यांनी ते अन्न आधीच गाळून घेतलं. पाणी नितळ झाल्यावर ऊन तळापर्यंत पोचलं आणि गाळात पाणगवत माजलं. मासा रोडावला तसा खंड्याही येईनासा झाला होता. आणि हा शिंपला एकटाच पिल्लं घालतो, एक उरला तरी पुरे. पावसात तळं ओसंडलं की पाणी ओढ्याला आणि ओढ्यातून उजनी धरणाच्या फुगवट्याला. तिथे भिगवणपासून खाली किती घरांची चूल मासळीवर पेटते, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी हे फोनवर सांगितलं. वन्सं म्हणाल्या, “म्हंजे मी वाटलं ते बी गोळा करायला पायजे.”

दिलेलं वाण परत मागायचं! आमच्याकडे हे कुणी ऐकलेलंही नव्हतं. त्या मला बरोबर घेऊन घरोघर गेल्या. पिशवीत स्टीलच्या वाट्या, बदली वाण म्हणून. बहुतेकींनी शिंपले दारातल्या हौदात सोडले होते. वन्सं हौद उपसायला लावायच्या, तळ खरवडायच्या, चुना मारायच्या. एका म्हातारीने तोंडावर सुनावलं, “सवाष्णीच्या वटीतलं परत नेतीस व्हय गं? अवदसा आठवली का?” वन्संनी पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, “आठवली म्हणूनच आले, मावशे. पाय तेवढा काढा, हौदाचं बूच बघू द्या.”

सुमनच्या घरी मात्र त्यांचा चेहरा पडला. सुमन म्हणाली, “वास मारत हुते आक्का, आमच्या मालकांनी वड्यात फेकलं. मेल्यालंच हुतं.”  वन्संनी वाटी तिच्या हातात दिली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “मेल्यालं हुतं, हे कुणी बघितलं?”

घरी त्यांनी तळं कोरडं करायचं ठरवलं, भर उन्हाळ्यात, झाडांवर फळ असताना. तात्या भडकले. “डाळिंब वाळवून शिंपलं मारनार? लोकं हसतील.” “हसू द्या,” वन्सं म्हणाल्या. “उजनीत गेलं तर हसायला कुनी उरायचं न्हाई.” पाणी ओढ्याकडे न सोडता वरच्या पडीक रानात उपसलं आणि तळं उन्हात तापत ठेवलं. फळ गळलं. तात्या तेवढे दिवस बायकोशी बोलले नाहीत, पण गाळ काढायला रोज उतरत होते.

मग ओढा. पिठाची चाळण घेऊन त्या पुलाखालचा गाळ चाळत बसायच्या. काही सापडलं नाही. मी म्हटलं, सुटलात. “सापडलं न्हाई म्हंजे न्हाई, असं हाय का?” पावसाळ्यात त्यांच्या किडनीने दगा दिला. डायलिसिसला बारामतीला यायच्या, रात्री आमच्याकडे राहायच्या, आणि पहिलं बोलणं ओढ्याचं. आता चाळण मी चालवते. रविवारी जाते. अजून काही मिळालेलं नाही.

शेवटची भेट दसऱ्याच्या आधी झाली. तळं पावसाने भरलं होतं, नवं बोटुकलं, म्हणजे बोटभर माशांची पिल्लं, सोडलं होतं. बांधावर खुर्ची टाकून त्या बसल्या आणि मला म्हणाल्या, “हात घाला वैनी, कोपरापातूर.” मासेवाले पाण्याचा कस असाच बघतात. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसेनासा झाला, की माशाला खायला आहे असं समजायचं. मी बाही सारून हात घातला.

“तळवा दिसतोय?”

“स्पष्ट.”

“मग अजून जीव न्हाई धरला.” त्यांनी पाण्याकडे पाहिलं. “धरंल... उपाशी ठेवलं आपण त्याला.”

परवा दिवसकार्यानंतर पहिल्यांदाच तिकडे गेले. तात्या घरात होते, बांधावर कुणी नव्हतं. खुर्ची कुणीतरी उचलून ठेवली होती. पाणी मुगाच्या सालीसारखं दिसत होतं. मी वाकून हात घातला. कोपर बुडायच्या आधीच बोटं दिसेनाशी झाली, मग तळवा.

एवढं बघितलं की हात काढायचा असतो. मी काढला नाही. पाणी गार होतं, बाही भिजली, तरी तशीच वाकून राहिले... कुणीतरी तळव्याचं विचारावं म्हणून.