डावीकडचा दोर

आंबेखिंडीत केरबाला कुणी विचारलं, "पाव्हणं, काय करता?" तर गडी ऊस, म्हशी यातलं काही सांगायचा नाही. "सासनकाठी नाचवतो," म्हणायचा. आता बोला! काठी जोतिबाच्या डोंगरावर जाते वर्षातनं एकदा, चैत्रात. बाकीचं वर्षभर हाच केरबा उसाला पाणी पाजत चिखलात उभा. पण मिशीला पीळ काठीचाच.

खोटं कशाला बोला, नाचवायचाही तसाच. सासनकाठी म्हणजे घराच्या आढ्याच्या वर जाणारा कळक, म्हणजे जाडजूड बांबू, रंगीत कापडात गुंडाळलेला, आणि शेंड्यापासून चारी अंगांना सोडलेले दोर. मधला गडी कळक कमरेच्या पट्ट्यात रोवून हलगीवर नाचतो, दोरवाले चौफेर दोर ताणून धरतात. डावीकडचा दोर लालासाहेबाचा. केरबाचा हा बालमित्र, बांधाला बांध लागून, पण उभ्या जन्मात त्यानं काठीला हात लावला नव्हता. केरबा त्याला चारचौघांत डिवचायचा, "दोर काय, गोठ्यातला खुंटाबी धरतोय!" लोक हसायचे, लालासाहेबही हसायचा. यात्रेवरनं आल्यावर गाव नाचवणाऱ्याला फेटा बांधतं, ही तिथली रीत. दोरवाल्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला की झालं.

दिवाळीच्या आधी केरबाला सर्दी-ताप आला आणि गेलाही. मग एका सकाळी तो धार काढायला बसला, तर म्हैस, गोठा, दारातली बायको बनुबाई, सगळं गरागरा फिरायला लागलं. बादली एकीकडं, केरबा एकीकडं.

"आवं, काय झालं?" बनुबाई धावली.

"म्हशीला धर आधी! फिराय लागलीया!"

म्हैस बिचारी एका जागी उभी राहून रवंथ करत होती.

तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं, उलट्या थांबल्या. थोड्या दिवसांपुरत्या म्हणून गोळ्या मिळाल्या. गोळीनं बरं वाटतंय म्हटल्यावर बनुबाईनं त्या आणून आणून थंडीभर चालू ठेवल्या. आणि वर आले गावचे वडीलधारे, हंबीरराव. ते म्हणाले, "यात्रा झाली की काठी आपण देवळात आडवी ठेवतो. वरीसभर कुणी हलवत न्हाई, म्हणून ती शाबूत हाय. काठीवाल्यालाबी तसंच ठेवा." झालं! शहाण्यासुरत्या माणसांनी केरबाला खाटेवर आडवा घातला, डोक्याच्या दोन्ही अंगांना उशा लावल्या आणि मान वळवायची बंदी केली. आमटी-भाकरीसुद्धा बनुबाई भरवायची. बघायला येणारा माणूस पायाशी उभा राहून बोलायचा, म्हणजे केरबाला मान फिरवायला नको.

एवढी बडदास्त ठेवून गुण काय, तर तो उठला की डावीकडं कलायचा आणि भिंत धरायचा. शेवटी हंबीररावांनी निरोप धाडला, यंदा काठी केरबाचा पुतण्या राजवर्धन नाचवेल. ते ऐकून केरबाला भिंतीकडं तोंड करून रडायचं होतं. पण मान वळवायची बंदी! छपराकडं बघत रडला, पाणी दोन्ही कानांत गेलं.

लालासाहेबाला हे बघवेना. दुसऱ्या दिवशी त्यानं जीप आणली, केरबाला उशांसकट आत घातलं आणि थेट मिरज गाठली.

तिथल्या डॉक्टर प्रियदर्शनी मूळच्या आटपाडीच्या, त्यामुळं बोलणं घरातल्यासारखं. त्यांनी केरबाची मान दोन्ही हातांत धरून झटकन वळवली, डोळे निरखले, चालवून बघितलं, ऐकायची मशीन लावली.

"मामा, ऐकू चांगलं येतंय. पण कानाच्या आत तोलाचंबी एक यंत्र असतंय. तुमच्या डाव्या कानाची तोलाची नस त्या तापात सुजली आणि बसली. उजवा कान एकटाच सांगावा धाडतोय. मेंदूला वाटतंय, तुम्ही गरगर फिरताय."

"ती नस पुन्हा उठंल का?"

"थोडी उठंल, नाहीतर नाहीबी. पण मेंदू सावरून घेतो. नसांच्या भोवती आधाराच्या पेशी असतात, ग्लिया म्हणतात त्यांना. शास्त्रज्ञांना आधी वाटायचं, हा नुसता डिंक, नसांना चिकटवून ठेवणारा. पण त्या नसांवर वेष्टण चढवतात, त्यांना खायला पुरवतात, कचरा काढतात. आणि एका कानाची नस गेली की मेंदूतल्या तोलाच्या ठाण्यावर त्या गर्दी करतात, नवी जुळणी करायला मदत करतात. प्राण्यांत हे दिसलंय. माणसात नेमकं कसं चालतं, त्याचा शोध चालू हाय."

लालासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हंजे दोरवालंच की वं!"

डॉक्टरीणबाईंना कळेना. मग त्यानं काठी, दोर, नाच, सगळं हातवारे करून सांगितलं. त्या खळखळून हसल्या. "व्हय, अगदी दोरवाले! नाव नसांचं हुतं आणि राबतात ह्या. पण मामा, मला सांगा, देवळात आडव्या पडलेल्या काठीचा दोर कुणी धरतं का?"

"तवा कशाला धरतील?"

"मग तुम्ही आडवं पडून राहिल्यावर मेंदू तरी कशाला जुळणी करंल? काठी हलली, तरच दोरवाले कामाला लागतात. उठा, चाला, मान हलवा. थोडं गरगरंल, त्याला भ्यायचं न्हाई. गोळ्या आता बंद. आणि त्या उशा इथंच ठेवून जा."

परतीच्या वाटेवर केरबानं बंदी मोडून मान वळवली. खुंटा म्हणून हिणवलेला माणूस शेजारीच बसला होता.

डॉक्टरांनी व्यायाम दिला होता: अंगठा समोर धरायचा, नजर त्याच्यावर रोवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. केरबा ओट्यावर हे करायला बसला की अख्खी आळी गोळा. "केरबा न्हाई म्हंतोय, पर कुणाला?" असं जो तो विचारायचा. केरबा वैतागला. शिवाय अवघड व्यायाम पुढंच होता, वर बघत मागं चालायचं. तेव्हा लालासाहेब खळ्यात एक उघडा कळक घेऊन आला. तो राजवर्धनच्या हातात दिला आणि केरबापुढं दोर टाकला.

"डावा दोर धर."

"मी? आन दोर?"

"मान वर, नजर शेंड्यावर, पाय मागं. बाईंनी सांगितलंय तेच. गुमान धर."

केरबानं दोर धरला, वर बघितलं, पाय मागं टाकला आणि सरळ उसाच्या पाचटात जाऊन बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. पाचटातनं तोंड वर काढून म्हणाला, "आयला लाल्या, हे तू जलमभर करत आलास?"

"कशाचं? मी खुंटा धरतोय," लालासाहेब म्हणाला.

बनुबाई पदरात तोंड लपवून इतकी हसली की तिला उचकी लागली. केरबालाही हसू फुटलं. आजारी पडल्यापासून घरात असं हसणं पहिल्यांदाच झालं होतं.

मग रोज सकाळी खळ्यात हेच. पडणं कमी झालं. भिंत सुटली, म्हशीची धार पुन्हा केरबाकडं आली. शिमगा झाला आणि पारापुढच्या पटांगणात हंबीररावांनी खरी काठी बाहेर काढायला लावली. केरबानं ती पट्ट्यात रोवली. हलगी वाजली आणि गडी असा नाचला की राजवर्धननंच पहिली शिट्टी मारली. "न्या बाबा डोंगरावर," हंबीरराव म्हणाले, "काठीवाला आडवा ठिवू नये, एवढं आमाला कळलं."

चैत्रातला डोंगर म्हणजे गुलालाचा नुसता धुरळा. "चांगभलं"च्या गजरात केरबा नाचत वर चढला. देवळाच्या अंगाला गर्दीचा लोंढा आला, धक्का बसला आणि काठी डावीकडं कलली. आभाळ फिरलं. केरबाला वाटलं, आता गेली काठी, अख्ख्या डोंगरादेखत गेली! पण डावा दोर ताठ झाला आणि गर्दीतनं आरोळी आली, "हाय रं मी!" केरबानं नजर शेंड्यावर रोवली, पाय घट्ट केले. काठी सरळ झाली. मग तो जो नाचला, त्याला तोड नाही.

गावात परत आल्यावर पारावर हंबीररावांनी गुलाबी फेटा केरबाच्या डोक्याला बांधला. केरबानं तो उतरवला आणि दोरांचं भेंडोळं आवरत बसलेल्या लालासाहेबापुढं जाऊन उभा राहिला.

"केरबा, रीत मोडू नगंस!" हंबीरराव गरजले.

"मोडत न्हाई, आवं. नाचवणाऱ्यालाच बांधतोय," केरबा म्हणाला. "काठी मी नाचवली. मला ह्यानं नाचवलं."

अख्खा पार टाळ्यांनी दणाणला. लालासाहेबाच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण खोड जाते थोडीच. "नीट बांध की रं," तो म्हणाला, "डावीकडं कलतोय."

केरबानं फेटा दोन्ही हातांनी सरळ केला.